गुडघ्याला डबल कापड

पँट कुठं फाटली आहे ते मला दाखवा, माणूस दिवसभर काय करतो ते मी सांगते. यात जादू काही नाही. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून चोवीस वर्षं मी लोकांचे कपडे उसवते, आखूड करते, सैल करते, ठिगळं लावते. ड्रायव्हरची पँट बुडाला विरते. मास्तरांची खिशाच्या तोंडाशी, कारण हात सारखा खिशात. आणि आमच्या यांची डाव्या गुडघ्याला. हे गॅरेजात मिस्त्री. गाडीखाली जाताना आधी डावा गुडघा टेकणार, मग उजवा हात, मग अख्खे आत. एकतीस वर्षांत एकदा जरी उजवा गुडघा आधी टेकला असेल तर शपथ.

दर दोन महिन्यांनी एक पँट. गुडघा फाटला की ठिगळ, ठिगळ फाटलं की त्यावर ठिगळ, आणि मग कापड इतकं जाड होणार की सुई मोडणार. वैताग नुसता! बरं, फाटण्यापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही भांडलो ते भोकांवरून. धुवायला घेताना पँट धड असायची आणि वाळत घालताना मांडीवर चाळणी. हे म्हणायचे, "तू धोपटतेस फार." शेवटी कळलं की ते बॅटरीचं ऍसिड. सुती कापडावर थेंब पडला तर तेव्हा काहीच दिसत नाही. कापड जागच्या जागी मेलेलं असतं, पाण्यात गेलं की गळून पडतं. त्याबद्दल यांनी माझी माफी मागायची राहिली आहे ती आजतागायत.

गेल्या वर्षी गुडघे दुखायला लागले. म्हणजे आधीपासून दुखत असणार, मला गेल्या वर्षी कळलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली आहे, खाली बसणं बंद करा. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "याच्या बापानं कधी गाडीखाली जाऊन बघितलंय का?" मग माझ्या पुढे चालत राहिले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ज्या दिवशी मला खाली जाता येणार नाही, त्या दिवशी मी मिस्त्री नाही. मग मला काहीही म्हण."

मला भीती वाटली हो. या माणसाला दुसरं काही येत नाही. गप्पा येत नाहीत, पत्ते येत नाहीत, बाजारातून भाजीसुद्धा धड आणता येत नाही. कुणाकडे बसायला गेलो तरी यांचे कान रस्त्यावर, आणि मधेच म्हणणार, "त्या गाडीचं बेअरिंग गेलंय." मिस्त्रीपण काढून घेतलं तर मागे उरणार काय, नुसता शर्ट? गुडघे नवे करणं माझ्या हातात नव्हतं. पण पँट हा माझा प्रांत. मी ठरवलं, अशी पँट शोधायची की जी गुडघाही राखील आणि स्वतःही टिकेल. मग बघू डॉक्टर काय म्हणतो ते.

आधी सगळे उपद्व्याप करून झाले. जीन्स आणली. ती धुतली की दोन दिवस वाळेना, आणि खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याची बटणं. हे इंजिनावर ओणवे झाले आणि गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या गाडीवर बोटभर ओरखडा! गॅरेजच्या मालकांनी चारचौघांत ऐकवलं. मग कुणीतरी म्हणालं पॉलिस्टर घ्या, मरत नाही. मरत नाही खरं, पण मारतं. वेल्डिंगची ठिणगी सुती कापडावर पडली तर काळा ठिपका पडतो आणि विझते. पॉलिस्टर मेलं वितळून कातडीला चिकटलं. नडगीवर डाग आहे अजून.

शेवटी कामगारांचे कपडे, बूट, हातमोजे असलं सगळं ठेवणाऱ्या दुकानात यांना घेऊन गेले. ओढूनच म्हणा. मी एकेक पँट उलटी करून शिलाई बघत होते, कापड बोटांत धरून चोळत होते. दुकानदार म्हणाला, "ताई, गॅरंटीचा माल आहे." म्हटलं, "गॅरंटी तोंडाची नको, धाग्याची दाखवा." त्याने मुकाट्यानं वरच्या फळीवरची एक पँट काढली, आणि काय सांगू! जाडजूड सुती ड्रिल. पायांना तिहेरी शिलाई. बटण पट्टीच्या आत झाकलेलं, म्हणजे ओरखड्याची भीती नाही. दोन पायांच्या मधे वेगळा तुकडा जोडलेला, उकिडवं बसलं तरी ताणणार नाही. आणि गुडघ्याला डबल कापड, वरून उघडं, खिशासारखं, त्यात फोमची गादी सरकवायची. हे संसार केलेल्या माणसानंच शिवलेलं असणार, असं मला वाटलं.

"घाला आणि बसा," मी म्हटलं.

"इथं?"

"इथं नाही तर काय चंद्रावर?"

"लोक बघतायत."

"बघू देत. लोक शिवत नाहीत तुमच्या पँटी."

हे बसले. कापड कुठंही ओढलं गेलं नाही, शिवण तसूभर हलली नाही. मी खूश. म्हटलं, "उठा आता." उठताना यांनी आधी काउंटर धरला, मग शेजारचा रॅक, तोंड भिंतीकडे केलं, आणि हातमोज्यांचं एक पाकीट खाली पडलं. दुकानदार वहीत बघायला लागला. मला ते दिसलं होतं, खोटं कशाला बोलू? दिसलं आणि मी पँटची शिवण बघत राहिले. तीन पँटी घेतल्या. दोन आलटूनपालटून वापरायला, एक कपाटात राखीव.

दोन महिने झाले, गुडघा शाबूत. चार झाले, शाबूत. सहा झाले, एक धागा सुटेना. मांडीवर ऍसिडची भोकंसुद्धा नाहीत. मी म्हटलं, कापडच तसं आहे. ग्रीस मात्र येत होतं रोज, दोन्ही गुडघ्यांवर, काळंकुट्ट, थर असलेलं. गरम पाणी, साबणाची वडी, ब्रश, पुन्हा गरम पाणी. इतक्या वर्षांच्या कात्रीनं माझं उजवं मनगट आधीच गेलेलं. पण ग्रीसबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. ग्रीस म्हणजे काम. हे दारात येऊन म्हणायचे, "आज दिवसभर खालीच होतो." मी विचारायचे, "गुडघे?" हे म्हणायचे, "फोम आहे ना." की मी हरभऱ्याच्या झाडावर.

आणि मी काय गप्प बसणारी आहे? गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. पाण्याला आलेल्या बायकांना सांगितलं, फॉल लावायला आलेल्या मुलींना सांगितलं, ज्यांच्या घरात कुणी मिस्त्रीही नाही त्यांनासुद्धा सांगितलं. दोरीवर पँट वाळत घालताना गुडघे रस्त्याच्या बाजूला करून घालायचे. माझं ऐकून तिघीजणींनी तीच पँट घेतली. त्यात लंबूची बायको होती. लंबू मिस्त्री यांच्याच गॅरेजात, उंची अशी की गाडीखाली घडी घालून जावं लागतं. बायको त्याच्या कोपराएवढी, पण आवाज दोघांचा मिळून तिच्याकडे.

ती परवा दुपारी आली. पिशवीतून पँट काढून माझ्या मशीनवर आपटली.

"वहिनी, हे घ्या तुमचं डबल कापड."

डावा गुडघा गेला होता. वरचं कापड, खालचं कापड, दोन्ही, आणि आतला फोम उंदरानं कुरतडल्यासारखा बाहेर आलेला.

"पाच महिने झाले फक्त," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात जन्माला पुरेल."

"पाच महिन्यांत? अगं, तुझा नवरा गुडघ्यांवर चालत जातो की काय कामाला?"

"सगळे करतात तेच काम करतात ते."

"मग आमच्या यांची बघ! आठ महिने झाले. थांब, दाखवतेच तुला."

मी तरातरा अंगणात गेले, दोरीवरची पँट ओढली आणि तिच्या पँटशेजारी मशीनवर पसरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच.

आमच्या यांच्या पँटच्या गुडघ्यावर नव्या कापडाची लव तशीच होती. मी डबल कापडाच्या खिशात बोटं घातली, फोम बाहेर काढला. लंबूचा फोम पुठ्ठ्यासारखा चपटा झाला होता. यांच्या फोमवर दुकानाचा शिक्का अजून वाचता येत होता. मी पँट उलटी केली. बुडाला कापड चमकत होतं, विरलेलं, खिडकीसमोर धरलं तर पलीकडचं अंगण दिसेल इतकं. कुणाच्या पँटी बुडाला विरतात ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

लंबूच्या बायकोनं पँटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्वतःची पँट घडी करायला लागली.

"राहू दे वहिनी. मी घरीच टाके घालते."

"बस."

"उशीर होतोय मला."

"बस म्हटलं ना!"

ती बसली. आणि तिनं सांगितलं, मोठा आवाज बारीक करून. आमची पँट घेतली त्याच महिन्यातली गोष्ट. एका दुपारी हे गाडीखाली गेले आणि त्यांना बाहेर येता येईना. गुडघा वळेचना. लंबूनं आणि आणखी एकानं काखेत हात घालून ओढून काढलं. मालक वाकडा शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकाशी एक खुर्ची ठेवली आणि म्हणाले, आजपासून तुम्ही इथं. गाडी आत आली की हे नुसतं ऐकतात, काय बिघडलंय ते चिठ्ठीवर लिहितात, आणि बाकीचे ती चिठ्ठी घेऊन खाली जातात.

"आमचे हे सांगतात, तसे कान कुणाचे नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"आणि ग्रीस?"

ती खाली बघायला लागली. "निघायच्या आधी डब्यात बोटं बुडवतात. सगळ्यांना माहीत आहे. कुणी हसत नाही हो वहिनी."

ती गेल्यावर मला आधी रडू नाही, राग आला. असा राग आला की पँट उचलून चुलीत घालावी! आठ महिने मी खोटं ग्रीस घासत होते. मनगटाला पट्टी बांधून घासत होते. कामाचं ग्रीस धूळमिश्रित असतं, त्याचे ओरखडे येतात. डब्यातलं ग्रीस गुळगुळीत असतं, बोटांसारखं उमटतं. हे मला कळत नव्हतं? मी गुडघ्यावर वाकून बघितलं. धुऊनसुद्धा राहिलेले फिकट पट्टे, चार. त्यातला मधला आखूड. यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर कमी आहे, इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं तरुणपणी. तो हात मी आठ महिने रोज घासून काढत होते आणि मला दिसला नाही. जगाच्या पँटी वाचणारी बाई मी, आणि दिव्याखाली अंधार.

मग एक विचार आला. खणात काचकागद होता. मी तो घेतला आणि डाव्या गुडघ्यावर घासायला लागले. म्हटलं, फाडू गुडघा, लावू ठिगळ, हे आले की सांगू, "अहो, फाटली की तुमची पँट! किती काम करता?" बरं वाटेल यांना. चार-पाचदा घासलं. लव उडाली, कापड पांढरं पडलं. आणि हात थांबला. यांनी मला फसवायचं, मी यांना फसवायचं, मग या घरात खरं बोलणार कोण? मशीन?

काचकागद ठेवून दिला. कपाटातून राखीव पँट काढली, कोरी. गुडघ्यांवरचं डबल कापड दोन्ही पायांचं उसवलं. तिहेरी शिलाई होती, जीव खाल्ला तिनं. मग ते दोन्ही तुकडे बुडाला लावले, एकाशेजारी एक, आणि तिहेरीच शिलाई घातली. शेवटची शिवण चालू असताना फाटक वाजलं.

"आज दिवसभर..." हे दारातून म्हणाले आणि थांबले. गुडघ्यांवर ताजं ग्रीस होतं. हे मशीनवरच्या पँटकडे बघत होते.

"हे काय?"

"तुमची पँट."

"गुडघ्याचं कापड काढलंस?"

"गरज नाही तिथं ठेवून काय करायचं?"

यांनी दारात चपला काढल्या. मग म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"तुमच्या बुडानं."

वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. भिंतीजवळच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन हळूहळू बसले, तोंड वाकडं करत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, किती महिन्यांत मी यांना बसताना बघितलंच नव्हतं. मी आत गेल्यावर बसायचे, मी बाहेर येण्याआधी उठायचे.

"मालकांनी खुर्ची दिली," हे म्हणाले.

"कळलं."

"मिस्त्रीच म्हणतात अजून सगळे."

"मग मिस्त्रीच आहात."

"कसला मिस्त्री? उंटावरून शेळ्या हाकतो मी."

"शेळ्या बऱ्या होऊन जातात की नाही?"

हे जरा वेळ विचार करत राहिले, खरंच गाड्या मोजत असल्यासारखे. "जातात," म्हणाले.

"मग झालं तर."

मी धागा तोडला. मला अजून बोलायचं होतं. आठ महिन्यांचं साठलेलं होतं, जिभेच्या टोकावर होतं. म्हटलं, "मला सांगायला काय झालं होतं? मी काय घराबाहेर काढणार होते तुम्हाला?"

"सांगणारच होतो," हे म्हणाले. "त्याच आठवड्यात सांगणार होतो. पण तू त्या पँटवर इतकी खूश होतीस. सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस की आता हे काही थांबत नाहीत म्हणून. मग मी कसं सांगू?"

दुकानात ते पाकीट पडलं तेव्हा मी शिवण बघत होते. त्यानंतरही बघतच राहिले.

"ग्रीस मात्र बंद," शेवटी एवढंच म्हटलं. "मनगट गेलंय माझं."

"फार दुखतं?"

"आठ महिने."

यांनी मान खाली घातली. आखूड बोटानं गुडघ्यावरचं ग्रीस पुसायला लागले, ते आणखीच पसरलं. मी म्हटलं, राहू द्या, आज शेवटचं आहे.

सकाळी मी दोन पँटी खुर्चीवर ठेवल्या. एक जुनी, गुडघे धड असलेली, चार बोटांची. एक नवी, बुडाला डबल. चहा ठेवायला आत गेले आणि पातेल्याकडेच बघत बसले. मग फाटक वाजलं. मी खिडकीशी गेले. हे गल्लीतून चालले होते, जपून, एकेक पाऊल टाकत. बुडावर दोन जाड तुकडे, नव्या धाग्यानं शिवलेले, लांबूनही दिसत होते. लंबूची बायको दारात उभी होती. हे तिच्यासमोरून गेले, शर्ट ओढून झाकला नाही.

संध्याकाळी आले ते गुडघ्यांवर काही नव्हतं. एक चिठ्ठी खिशात राहिली होती, "पुढचं डावं बेअरिंग" लिहिलेली. ती काढून ठेवली आणि पँट पाण्यात टाकली. एका पाण्यात निघाली. एकतीस वर्षं मी हेच मागत होते, आणि दोरीवर टाकताना मला रडू आवरेना.